घरच्या फोनमधली पन्नास नावं

लँडलाइनच्या कॉर्डलेस सेटात ‘मावशी’ हे नाव घालायचं तर बटणं चौदा वेळा दाबावी लागतात. अक्षरं रोमन, आणि एकेका बटणावर तीन-चार. ‘एम’ आणि ‘ए’ एका दाबात येतात. ‘व्ही’साठी 8 तीनदा, ‘एस’साठी 7 चारदा, ‘एच’साठी 4 दोनदा. त्यापुढचा ‘आय’ही 4 वरच, म्हणून कर्सर सरकेपर्यंत हात आवरायचा, घाई केली की ‘एच’चाच ‘आय’ होऊन बसतो. हे काम घरोघरी शाळकरी पोरांच्या गळ्यात पडायचं.

तबकडीच्या काळ्या फोनला स्मरणशक्ती नव्हती. नंबर डायरीत, कॅलेंडरच्या पाठीमागे, नाहीतर भिंतीवर पेन्सिलीने. बटणांच्या फोनबरोबर रीडायल आलं, एका दाबात ठरलेला नंबर लावणारी बटणं आली. नावासकट नंबर साठवायची सोय त्यानंतरची. पुष्कळ कॉर्डलेस सेटांत पन्नासच नोंदी मावत, त्यामुळे दवाखाना, गॅसवाला आणि वाणी गेल्यावर नातेवाइकांत वशिला लागे.

खरी पंचाईत नावाची. मोबाइल एकाचा असतो, त्यात ‘आई’ असं बेधडक लिहिता येतं. घरच्या फोनवर आई कुणाची? मुलांची मावशी ती आईची ताई, बाबांची मेहुणी. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांनी मुलांचं नातं प्रमाण मानलं. आजोबासुद्धा स्वतःच्या मुलाचा नंबर ‘काका’खाली शोधत. काका दोन असले की गाव जोडायचं. तेही नात्यानंतर, ‘काका नाशिक’, ‘काका दादर’, कारण यादी पहिल्या अक्षराने लागते.

कॉलर आयडी आल्यावर या नावांना भाव आला. एक्स्चेंजकडून येतो तो फक्त नंबर. सेट तो आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळला तर पडद्यावर नाव झळकतं. एसटीडी कोडचा फरक पडला तरी काही सेट सख्ख्या काकांनाही ओळखत नाहीत.

15 जानेवारी 2021 पासून तर लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबणं सक्तीचं झालं. साठवलेले सगळे दहा आकडी नंबर एका दिवसात अपुरे पडले. शून्य जोडावं तर काही घरी नवीच अडचण: येणारा नंबर शून्याविना, साठवलेला शून्यासकट, त्यामुळे फोन लागतो पण नाव दिसत नाही. यावर ज्येष्ठांनी काढलेला तोडगा मला पटतो. यादी जशीच्या तशी ठेवायची. आलेल्या फोनवर नाव वाचायचं आणि आपण लावताना डायरी उघडायची.