सही करण्याआधी विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत



ऊस लावायचा तर आपण बेणे पारखून घेतो. खत घेताना पोत्यावरचे वजन वाचतो. पण कागद पुढे आला की, "कुठं करू सही?" एवढेच विचारतो. या सवयीपायी किती घरांत भाऊबंदकी शिरली, हे आपण गावोगाव पाहतोच.

आपल्या भागातील पुष्कळ माणसे वाशीच्या बाजारात माथाडी काम करतात. कितीतरी लेकी लग्न होऊन कोपरखैरणे, ऐरोलीला नांदतात. त्यांतल्याच एका सभासदाच्या बहिणीची ही हकीकत. वडील वारल्यावर वडिलोपार्जित जमिनीचा विषय निघाला. "गणपतीला येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही कर," असा भावाचा निरोप गेला. बाईंच्या मनात भावाविषयी किंतु नव्हता. पण कागदात काय आहे ते कळेना, आणि वकिलाची फी परवडेना. शेजारच्या मुलीने सांगितले, "मावशी, लॉ कॉलेजात फुकट सल्ला मिळतो."

नवी मुंबईत नेरूळ, कळंबोली अशा ठिकाणी विधी महाविद्यालये आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाला विधी साहाय्य केंद्र चालवावे लागते. काम शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी करतात, देखरेख ज्येष्ठ प्राध्यापकांची असते. कारखान्यात नवा पॅनमन जुन्याच्या नजरेखालीच पॅन चालवतो, तसेच हे.

पोरांनी काय केले? आधी बाईंचे सगळे ऐकून घेतले. सातबारा, फेरफार आणि हक्कसोडपत्राचा मसुदा वाचला. सरांना दाखवून मगच सल्ला दिला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला, आणि तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हक्क सोडायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एकदा हक्कसोडपत्र नोंदले गेले की ते फिरवणे सोपे नसते.

बाईंनी सही केली की नाही, हे आम्ही इथे सांगत नाही. तो त्या घरचा मामला. भाऊ-बहीण समोरासमोर बसून बोलले, आणि बाईंनी जे केले ते समजून केले, एवढे मात्र खरे.

आता या केंद्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. विद्यार्थी अर्ज लिहून देतील, कोणत्या कचेरीत जायचे ते सांगतील. पण कोर्टात उभे राहून बाजू मांडायला सनद लागते, ती त्यांच्यापाशी नसते. शिवाय परीक्षा आणि सुट्टीत केंद्र बंद असू शकते. कोर्टाची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. तेव्हा आधी चौकशी करून जावे.

कोर्टातच जायची वेळ आली, तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले, १९८७ साली कायदा झाला, आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. नवी मुंबईत असणे जरूर नाही. आपल्या तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार आणि आलेली नोटीस यांच्या झेरॉक्स न्याव्यात. अस्सल कागद दाखवावा, पण कुणाकडे ठेवून येऊ नये. आणि खरे तेच सांगावे. अर्धे लपवले तर सल्लाही अर्धाच मिळतो.

आमची विनंती एवढीच, की हा अंक घरातल्या लेकी-सुनांना वाचून दाखवा. मुंबईकडे असलेल्या बहिणीलाही कळवा. ती विचारून आली म्हणून रागावू नका. समजून केलेली सही पुढच्या पिढीतही टिकते.