चष्मा जातो, डोळा तोच राहतो

मायनस १० किंवा १२ नंबरचा चष्मा असलेली तरुण मुले-मुली बाह्यरुग्ण विभागात येतात, ती बहुधा लेसरची चौकशी करायला. तपासणीनंतर त्यांतील काहींना नकार द्यावा लागतो. लेसरमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, काही भाग काढून त्याला नवा आकार देतात. नंबर जितका मोठा, तितका जास्त भाग काढावा लागतो. कॉर्निया मुळातच पातळ असेल तर तो कमकुवत होण्याची भीती असते. अशांना ‘आयसीएल’ ही डोळ्याच्या आत बसवायची लेन्स सुचवली जाते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आपले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. येथे तसे नाही. आपले भिंग जागेवरच राहते. त्याच्या पुढे आणि डोळ्यातील रंगीत पडद्याच्या मागे एक मऊ, पातळ लेन्स सरकवली जाते. गरज पडल्यास ती शस्त्रक्रियेने बाहेर काढता येते.

साधारणपणे वय २१ ते ४५ असावे, किमान वर्षभर नंबर स्थिर असावा आणि डोळ्याच्या पुढच्या भागात लेन्ससाठी पुरेशी जागा असावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी थांबावे. मापे घेण्यापूर्वी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात. ही मापे फार महत्त्वाची असतात. नवी लेन्स आपल्या भिंगाच्या फार जवळ बसली तर मोतीबिंदू होऊ शकतो. दोघांतील अंतर फार जास्त राहिले तर डोळ्यातील दाब वाढू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी थेंब टाकून डोळा बधिर करतात. सुमारे ३ मिलिमीटरच्या छेदातून लेन्स आत जाते. एका डोळ्याला १५ ते २० मिनिटे लागतात. त्यानंतर काही तास थांबवून दाब तपासतात. तो तपासल्याशिवाय घरी जाण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना बरेच स्पष्ट दिसते. घरी गेल्यावर डोळा खूप दुखू लागला, लाल झाला, नजर अंधुक झाली किंवा मळमळ सुरू झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तोवर डोळा चोळू नका, त्यात पाणी जाऊ देऊ नका. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. बहुतेकांना हळूहळू त्यांची सवय होते, पण रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

एवढे सगळे सुरळीत पार पडले की रुग्ण विचारतात, ‘नंबर गेला, मग दरवर्षी तपासणी कशाला?’ याचे उत्तर डोळ्याच्या लांबीत आहे. सामान्य डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. मोठ्या मायनस नंबरचा डोळा बहुधा २६ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतो. त्यामुळे आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, ताणून पातळ झालेला असतो. पुढे बसवलेल्या लेन्सने दिसणे सुधारते, डोळ्याची लांबी मात्र तेवढीच राहते. पडदा फाटण्याचा, सरकण्याचा धोका चष्मा गेला म्हणून जात नाही. काचबिंदूची शक्यताही अशा डोळ्यांत अधिक असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. डोळ्यातील दाब आणि कॉर्नियाच्या आतील पेशीही त्याच वेळी तपासल्या जातात. अचानक विजेसारखी चमक दिसली, एकाएकी काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी उपचार झाले तर नजर चांगली राहण्याची शक्यता बरीच जास्त असते.

चाळिशी मात्र या लेन्सने टळत नाही. वाचायचा चष्मा वयानुसार लागेलच. पुढे मोतीबिंदू झालाच तर ही लेन्स काढून नेहमीची शस्त्रक्रिया करता येते. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, डोळ्याची मापे आणि लेन्सचे कार्ड जपून ठेवा. डॉक्टर बदलले तरी ‘माझा जुना नंबर मायनस १२ होता’ हे आवर्जून सांगा. चष्मा नसलेल्या डोळ्याकडे पाहून ते कुणालाही कळणार नाही.