मार खातो तो हजर असलेला

‘ई.आर.’ ही अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरची रुग्णालयाची मालिका. तिचा ९ मार्च १९९५ चा भाग आजही पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. गरोदर बाई लघवीच्या तक्रारीने येते. डॉक्टर ग्रीन मूत्राशयाचा दाह समजून तिला घरी धाडतात. खरे दुखणे गरोदरपणातल्या रक्तदाबाचे. दारातच तिला झटके येतात. मूल वाचते, आई जाते.

प्रेक्षक ग्रीनवर चिडतो, आणि ते रास्तच आहे, निदान चुकले. पण पुनःपुन्हा बोलावूनही प्रसूतितज्ज्ञ येते ती सारे हातचे गेल्यावर! हा भाग लिहिणारे लान्स जेंटाइल स्वतः तातडीच्या विभागातले डॉक्टर. त्यांनी हे उगाच घातलेले नाही. कारखान्यात अपघात झाला की बोट यंत्रावरच्या कामगाराकडे जाते; पाळीला माणसे किती होती, हे मागाहून, तेही कोणी विचारलेच तर.

आपल्याकडे हा राग हातघाईवर येतो. महाराष्ट्राला २०१० साली डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला. उमरखेडची अडलेली बाई नांदेडच्या वाटेला लावावी लागली, की आपण दारातल्या नर्सबाईंवर ओरडतो. भूलतज्ज्ञाची जागा भरलेली आहे की नाही, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले?