त्सुगश्पिट्झे : पाण्याच्या वाटेनं वर

जर्मनीतल्या सर्वांत उंच डोंगरावर जायला आज दहा मिनिटं पुरतात. आयबझे तळ्याच्या काठावरून रोपवेत बसायचं, वाटेत एकच खांब लागतो, आणि बाहेर पडलो की आपण २९६२ मीटरवर. हा रोपवे २०१७ सालचा. दाती चाकाची रेल्वे तर १९३० पासून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर जाते. त्यामुळे त्सुगश्पिट्झे म्हणजे सहलीचं ठिकाण, असा अनेकांचा समज होतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. हा डोंगर कळायचा असेल तर त्याच्या ओढ्याचं बोट धरून वर जायला हवं.

ओढ्याचं नाव पार्टनाख. गार्मिश-पार्टनकिर्शेन या गावात १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं स्की-मैदान आहे, तिथूनच वाट सुरू होते. थोड्याच वेळात ती एका अरुंद घळीत शिरते. घळीची लांबी जेमतेम सातशे मीटर, पण दोन्हीकडचे कडे ऐंशी मीटरपर्यंत उभे. ओढ्यानं कठीण चुनखडी चिरत चिरत ही घळ केली. पूर्वी वरच्या जंगलात तोडलेले ओंडके याच पाण्यात सोडत. ते मधे अडकले की दोरावरून माणसं खाली उतरवून ओंडके सोडवावे लागत. आज आपण कठड्याला धरून, अंगावर तुषार घेत, मजेत जातो. ते काम करणाऱ्यांची मात्र आठवण ठेवावी.

घळ संपली की राइनटाल नावाची दरी उघडते. १८२० मध्ये लष्करी मोजणी अधिकारी योझेफ नाउस याच दरीनं वर गेला आणि २७ ऑगस्टला माथ्यावर पोचला. शिखरावरची ती पहिली नोंदलेली चढाई. वाट सोपी, पण लांब : एकवीसेक किलोमीटर आणि बावीसशे मीटरची चढण. एका दिवसात आठ-दहा तास लागतात. शहाणी माणसं राइनटालांगर किंवा वरच्या क्नोर या डोंगरी निवाऱ्यात मुक्काम करतात.

या दरीत पूर्वी निळंशार तळं होतं, जुन्या दरडीनं अडवलेलं. २००५ च्या ऑगस्टमधल्या पुरात तो बांध फुटला आणि तळं दगडगोट्यांनी भरून गेलं. जुन्या छायाचित्रांत ते पाहून लोक आजही त्याची चौकशी करतात.

राइनटालांगरच्या थोडं वर, चौदाशे मीटरच्या आसपास, पार्टनाखचा उगम आहे. इथं थांबायलाच हवं. खडकातून एकदम, भरलेल्या अंगानं ओढाच बाहेर पडतो. वर चढत गेलं तर पाण्याचा टिपूस नाही, नुसता घसारा आणि भेगाळलेला पांढरा दगड. मग एवढं पाणी येतं कुठून?

आपल्या सह्याद्रीत पाऊस काळ्या कातळावरून धावत सुटतो आणि कड्यावरून कोसळतो. चुनखडीचं तसं नाही. पाणी तिला विरघळवत भेगा रुंद करतं आणि आत नाहीसं होतं. शिखराखाली एक मोठं पठार आहे. त्याखालचे थर पूर्वेकडे कललेल्या द्रोणासारखे आहेत, आणि तळाशी पाणी सहज न झिरपू देणारा खडक. पठारावरचं बर्फ वितळलं, पाऊस पडला, की ते सगळं या द्रोणात उतरतं आणि जवळजवळ सगळं या एका झऱ्यातून बाहेर येतं. पुढे ते लोइसाख नदीला मिळतं, ती इझारला, आणि इझार म्युनिक शहरातून डॅन्यूबकडे जाते.

पठारावर दोन हिमनद्या होत्या. होत्या म्हणायचं, कारण दक्षिणेकडची श्नेफर्नर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये यादीतून काढली गेली. बर्फ पुष्कळ ठिकाणी दोन मीटरपेक्षाही पातळ झाला होता आणि त्याची हालचाल थांबली होती. न सरकणाऱ्या बर्फाला हिमनदी म्हणत नाहीत. उत्तरेकडच्या हिमनदीचे काही भाग १९९३ पासून सुमारे वीस वर्षं उन्हाळ्यात ताडपत्रीनं झाकत असत. पुढे तेही सोडून दिलं.

मग पार्टनाख आटणार का? नाही. त्याचं बहुतेक पाणी त्या त्या वर्षीच्या बर्फाचं आणि पावसाचं आहे. प्रश्न वेळेचा आहे. बर्फ पाणी साठवून ठेवतो आणि उन्हाळ्यात हळूहळू देतो. तेच पाणी पाऊस होऊन पडलं तर ते लगेच खाली येतं आणि घळीतून उसळत जातं. मुसळधार पावसात घळ बंद ठेवतात, ती उगाच नाही.

शेजारच्या ह्योलेनटालनं म्हणजे 'नरकाच्या दरी'नं जाणारी वाट जास्त थरारक. तिच्यात कड्यात ठोकलेल्या लोखंडी शिड्या आहेत, मग हिमनदी, मग तारांना धरून चढाई. बुटांना लोखंडी काटे, डोक्याला शिरस्त्राण आणि कमरेला दोर हवाच. तिथल्या घळीत २०२१ च्या ऑगस्टमध्ये अचानक पाण्याचा लोंढा आला आणि माणसं वाहून गेली.

ऑस्ट्रियातल्या एरवाल्डकडून गाटर्ल खिंडीतून येणारी वाट त्यामानानं सौम्य, पण जुलै २००८ मध्ये तिकडून शिखरावर येणाऱ्या धावण्याच्या शर्यतीत दोन धावपटू थंडीनं गारठून गेले. पायथ्याशी उन्हाळा असताना माथ्याजवळ बर्फ पडत होता आणि अंगावर कपडे पातळ होते.

तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तरी सॅकमध्ये लोकरीची टोपी आणि हातमोजे ठेवा. पहाटे निघा, कारण ढग दुपारी गडगडतात. शेवटचा घसारा गुडघ्यांचा जीव काढतो. उतरायला रेल्वे आहे, तिच्यात बसायला लाजू नका. पण चढताना झऱ्यापाशी हात बुडवा. भर उन्हातही बोटं बधिर होतील.