वीज गेली, फोन मुका का झाला?

नागपुरात उन्हाळी वादळ येते, वीज जाते आणि घरच्या कार्यालयातला दूरध्वनीही मुका होतो. जुना फोन मात्र अंधारातही खणखणत असे! असे का? क्रमांक आजही ०७१२चाच, पण तार बदलली. पूर्वीच्या तांब्याच्या तारेतून दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा विद्युतदाब फोनला मिळे. आजच्या काचतंतूतून प्रकाश येतो, वीज नाही. म्हणून घरातील मोडेमला वेगळी वीज हवी. समजा, मोडेमला १२ वॉट लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे ती हिशेबाने ७ तास पुरेल. प्रत्यक्षात थोडी कमीच. मित्रांनो, तुमच्या मोडेमच्या अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा आणि हिशेब मांडून पाहा!