उभे पाणी, निजलेले पाणी

उभे असते ते पाणी कोणते? निजलेले पाणी कोणते? आणि टांगलेले पाणी कोणते? आपल्याकडील एखाद्या चाणाक्ष मुलाला ही कोडी घातली, तर तिसऱ्याचे उत्तर तो क्षणात ‘नारळ’ असे देईल, दुसऱ्याचे थोडा विचार करून ‘कलिंगड’ म्हणून सांगेल. आणि मूल कोल्हापूर-सांगलीकडचे असेल, तर पहिल्या कोड्याचे उत्तर ‘ऊस’ हे त्याला शिकवावे लागणार नाही. ही कोडी मात्र कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाची आहेत. तेथे कोडे घालणारा आधी ‘टिम टिम?’ असे विचारतो आणि मुले एका सुरात ‘ब्वा शेश!’ असे उत्तरतात. ब्वा शेश म्हणजे वाळके लाकूड. ज्याला उत्तर आले नाही, त्याने हार मानून ते खायचे!

हैतीचे नाव आपल्या कानी पडते ते भूकंप, वादळे आणि सशस्त्र टोळ्यांच्या बातम्यांतून. त्या देशातील एखादे मूल सकाळी उठून काय करते, आईला कोणत्या शब्दाने हाक मारते, बाजारात कशाचा हट्ट धरते, हे बातमी सांगत नाही. मुलांची चित्रपुस्तके ते सांगतात. गेल्या तीसेक वर्षांत अमेरिकेत हैतीविषयी अशी बरीच पुस्तके निघाली. ज्या वाचकांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक आहेत, त्यांना तेथील सार्वजनिक वाचनालयांतून ती मिळू शकतील.

आरंभ करावयाचा तर कॅरन लिन विल्यम्स यांच्या ‘टॅप-टॅप’ने करावा. १९९४ साली निघालेल्या या पुस्तकातील चित्रे कॅथरीन स्टॉक यांची आहेत. आठ वर्षांची सासिफी आईबरोबर संत्री विकण्यासाठी पायी बाजाराला निघते. वाटेत भडक रंगांनी रंगविलेल्या, माणसांनी आणि बोचक्यांनी ओसंडणाऱ्या गाड्या तिच्या शेजारून जातात. त्याच या टॅप-टॅप. उतरायचे असले की प्रवासी गाडीच्या अंगावर टकटक करतो, म्हणून हे नाव. आपल्या एस.टी.तील घंटीची दोरी जे काम करते, ते येथे प्रवाशाची बोटे करतात. दिवसभर राबल्यावर हाती पडलेल्या पैशांतून सासिफी काय घेते, हे सांगून कथेतील गोडी घालविण्यात अर्थ नाही. या घरात पैसा कमी आहे हे चित्रांतून दिसते. पण लेखिका त्याविषयी हळहळत बसत नाही. परक्या देशावरील बालपुस्तकांत हा संयम फार थोड्यांना साधतो. कित्येक पुस्तकांत दारिद्र्य हेच मुख्य पात्र होऊन बसते आणि मूल मागे राहते.

बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, परंतु मधूनमधून त्यांत क्रेयोल शब्द येतात. त्यांच्यापाशी थांबावे, कारण खरा ऐवज तेथे आहे. आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मालकांची भाषा फ्रेंच होती. त्या परिस्थितीत जी बोली घडली, ती आज हैतीच्या जवळजवळ प्रत्येक माणसाची मातृभाषा आहे. तिचा शब्दसंग्रह पुष्कळसा फ्रेंचमधून आला, पण तो कानांनी ऐकून उचललेला आहे. पाण्याला ‘द्लो’ म्हणतात, त्यात फ्रेंचमधील पाण्याच्या शब्दापूर्वी लागणारे शब्दही विरघळून गेले आहेत. पक्ष्याला ‘झ्वाझो’ म्हणतात. त्यातील पहिला ‘झ’ हा फ्रेंच अनेकवचनाच्या उच्चारातून येऊन चिकटलेला आहे. व्याकरण मात्र वेगळ्या वाटेने गेले. आपण ‘तो गेला, ती गेली, ते गेले’ असे म्हणतो. क्रेयोलमध्ये तिन्हींसाठी ‘ली आले’ एवढेच पुरते. मराठीचे लिंगविचार शिकताना घायकुतीला आलेल्या आपल्या परदेशी नातवंडांना हे ऐकून हेवा वाटेल!

मुलासाठी त्या भाषेत ‘तिमून’ असा शब्द आहे. ‘ती’ म्हणजे लहान आणि ‘मून’ म्हणजे माणूस. शेजाऱ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, याला ‘कोन्बित’ म्हणतात. आपल्या खेड्यांतील इर्जिकच ती. लोककथांतील बुकी हा खादाड आणि भोळसट, तर मालिस हा त्याला सतत गंडविणारा. ‘बुकी’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेतून आलेला असून त्याचा तेथील अर्थ तरस असा आहे. हैतीत तरस नाही. जहाजांच्या तळघरांत साखळदंडांनी जखडलेल्या माणसांबरोबर ते जनावर गोष्टीत बसून समुद्र ओलांडून आले.

आणि या भाषेला शाळेत जागा नव्हती. मूल घरी क्रेयोल बोले आणि वर्गात त्याच्यापुढे फ्रेंच पाठ्यपुस्तक येई. क्रेयोल बोलल्याबद्दल शिक्षाही होई. न समजणारे पाठ करणे म्हणजेच शिक्षण, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. क्रेयोलचे लेखननियम १९७९ साली अधिकृत ठरले, १९८७च्या संविधानाने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला. अलीकडे मिशेल दग्राफ या हैतीयन भाषाशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.मधून विज्ञान-गणिताचे साहित्य क्रेयोलमध्ये आणण्याचे काम चालविले आहे. तरीही फ्रेंच आली म्हणजे शहाणपण आले, ही समजूत अजून गेलेली नाही. भगवान महावीरांनी पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून अर्धमागधीत उपदेश केला, याचा अभिमान आपण व्याख्यानांतून बाळगतो. मुलांना शाळा निवडताना त्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना होते, हा प्रश्न हैतीविषयी वाचताना मला टाळता आला नाही.

एडविज डान्टिका यांची पुस्तके या पार्श्वभूमीवर वाचावीत. १९६९ साली पोर्ट-ओ-प्रिन्स येथे जन्मलेल्या या लेखिकेचे आईवडील पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. बारा वर्षांची होईपर्यंत ती काका-काकूंजवळ वाढली. पुढे तिचे हेच वृद्ध काका अमेरिकेत आश्रय मागावयास आले असता २००४ साली स्थलांतरितांच्या कोठडीत असताना मरण पावले. ‘मामाज नाइटिंगेल’ (२०१५) या तिच्या पुस्तकातील सायाची आई कागदपत्रे नाहीत म्हणून अशाच एका तुरुंगात आहे. आई तेथून मुलीला निजतानाच्या गोष्टी ध्वनिफितीवर बोलून पाठविते, आणि त्या गोष्टींत ‘वोसियोल’, म्हणजे बुलबुलासारखा गाणारा एक पक्षी येतो. बाबा अधिकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहितात. उत्तर येत नाही. मग साया स्वतः लिहावयास बसते. लेस्ली स्टॉब यांच्या चित्रांत रंगांची उधळण आहे, म्हणून ही व्यथा मुलांना सोसते.

टॅमी चार्ल्स यांच्या ‘फ्रीडम सूप’मध्ये (२०१९) बेल आणि तिची आजी ती ग्रान १ जानेवारीच्या दिवशी लाल भोपळ्याचे सूप करतात. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी हे सूप मालकांसाठी रांधायचे, पण चाखायचे नाही, अशी रीत होती असे सांगतात. १७९१ साली ते उठले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी स्वतंत्र राष्ट्र उभारले. तेव्हापासून नववर्षदिनी घरोघरी हे सूप होते. २०२१ साली युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. स्वातंत्र्याची किंमत मात्र दोनदा मोजावी लागली. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले, आणि पुढे कमी केलेल्या या रकमेपायी काढलेली कर्जे १९४७पर्यंत फेडावी लागली.

या सुपात परंपरेने गोमांस असते आणि कंदमुळेही असतात. आपल्या घरी ते पान वाचताना हे झाकून ठेवू नये असे माझे मत आहे. मुले विचारतील, आणि आपले व्रत आपण का पाळतो हे सांगण्याची संधी मिळेल. दुसऱ्याच्या ताटाकडे तुच्छतेने न पाहताही ते सांगता येते.

राहिले ‘एट डेज’. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर डान्टिका यांनी त्याच वर्षी लिहिलेले, अलिक्स डेलिन्वा यांच्या चित्रांचे हे पुस्तक सर्वांत अवघड आहे. सात वर्षांचा ज्युनियर घराच्या ढिगाऱ्याखालून आठ दिवसांनी जिवंत बाहेर येतो. भीती वाटली का, असे लोक विचारतात, तेव्हा तो आठही दिवस मनाने काय काय खेळलो ते सांगत जातो: पतंग, गोट्या, पाऊस, बहिणीबरोबरची सायकल. ढिगाऱ्याखाली त्याच्याजवळ ऑस्कर नावाचा मित्रही होता. एके दिवशी ऑस्कर दमून झोपला, आणि पुन्हा उठला नाही. लेखिका तेथे फार शब्द खर्च करीत नाही. हे पुस्तक लहान मुलाच्या हाती देऊन उठून जाऊ नये. त्या पानावर ते थांबेल आणि ऑस्कर का उठला नाही, असे विचारेल. त्या वेळी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे.