पाऊल बदलले की डाव बदलतो

मुष्टियुद्धात आधी पायांकडे पाहावे. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, डाव्या हाताने अंतराचा अंदाज घेतो आणि उजव्याचा जोरदार ठोसा राखून ठेवतो. डावखुऱ्याचे सारे याच्या उलट. बहुतेक जण एकच पवित्रा जन्मभर घोटतात. दोन्ही पवित्र्यांत लढणारे थोडेच.

शेफील्डचा नसीम हमीद त्यांतलाच. १९७४ साली एका येमेनी मुस्लिम कुटुंबात तो जन्मला. अंगाने लहानखुरा. सात वर्षांचा असताना तो ब्रेंडन इंगल या आयरिश उस्तादाकडे शिकू लागला. इंगल यांच्या आखाड्याच्या जमिनीवर रेषा आखलेल्या होत्या. मुलांनी त्या रेषांवरून पुढे-मागे जायचे, दर वेळी पाऊल बदलायचे. ठोसा मारण्याआधी तो चुकवायला शिकायचे. वर्षानुवर्षे हेच.

याचा फायदा काय? प्रतिस्पर्ध्याची नजर एका कोनाला सरावते. पाऊल बदलले की अंतर बदलते, ठोसा नव्याच बाजूने येतो. नसीम मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा. पण कधी बाजू बदलेल याचा नेम नसे. १९९५ मध्ये कार्डिफला स्टीव्ह रॉबिन्सनला हरवून तो २१व्या वर्षी फेदरवेट गटाचा जगज्जेता झाला. विजयाचे श्रेय तो जाहीरपणे अल्लाहला देई.

पण या कौशल्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेचा मार्विन हॅग्लर १९८० पासून मिडलवेटचा जगज्जेता. उजव्या हाताचा असून तो बहुधा डावखुरा लढे. ६ एप्रिल १९८७ रोजी शुगर रे लिओनार्डसमोर त्याने सुरुवातीलाच उजवा पवित्रा घेतला. पहिल्या फेऱ्या हातच्या गेल्या. नंतर तो मूळ पवित्र्यावर आला, पण पंचांचा कौल २ विरुद्ध १ असा विरोधात गेला. हॅग्लर पुन्हा कधी लढला नाही.

नसीमलाही २००१ मध्ये मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने हरवले. बरेरा करामतींना भुलला नाही. शांतपणे, शिस्तीने बारा फेऱ्या लढला. नसीमच्या ३७ लढतींतला तो एकमेव पराभव.

मुलांना हे जरूर सांगावे. दोन्ही हात तयार करणे ही मेहनतीची गोष्ट. कोणता हात केव्हा वापरायचा, ही समजुतीची. एकीवाचून दुसरी अपुरीच.